कुंपणाने शेत खाऊ नये म्हणून

कोविडच्या पहिल्या लाटेत आमच्या मावशीने गॅलरीतली गुळवेल तोडून तोडून संपवली. रोज काढा, दारात येईल त्याला अर्धा कप, नको म्हणायची सोय नाही. पुढच्या वर्षी तिची बोटं सकाळी उठल्यावर आखडायला लागली. मग मनगटं सुजली, बरणीचं झाकण उघडेना. तपासण्या झाल्या आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला. काढ्यामुळे हे झालं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. पण डॉक्टरांनी समजावलं ते असं: "तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच सांध्यांवर उठलीय. ती जरा दाबावी लागेल."

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "अगं, सगळं जग सांगतं वाढवा, वाढवा. आणि हे म्हणतात दाबा?"

तिचा प्रश्न रास्त होता. च्यवनप्राशापासून बिस्किटांपर्यंत सगळ्या पुड्यांवर 'इम्युनिटी' हा शब्द छापलेला असतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ही शक्ती म्हणजे बँकेतली शिल्लक. जितकी जास्त तितकी बरी. प्रत्यक्षात तिला आवर घालणारी एक वेगळी यंत्रणा आपल्या शरीरात असते. ती नसेल तर माणूस लहानपणीच दगावतो. ही यंत्रणा ज्याने शोधली त्या जपानी डॉक्टरचं नाव शिमोन साकागुची. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल या अमेरिकी संशोधकांबरोबर मिळालं. तेव्हा साकागुची ७४ वर्षांचे होते आणि या एकाच प्रश्नाला चिकटून त्यांना चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. ती वर्षं कशी गेली हे पाहिलं की मावशीच्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं आणि संशोधकाची नोकरी नेमकी असते कशी, तेही कळतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या एका जातीला टी-पेशी म्हणतात. प्रत्येक टी-पेशीच्या अंगावर एक आकडा, म्हणजे हूक, असतो असं समजा. ज्या कणाचा आकार त्या आकड्यात बसेल, त्याच्यावर ती पेशी तुटून पडते. गंमत अशी की हे आकडे कुणी विचार करून बनवलेले नसतात. पेशी तयार होताना जनुकांचे तुकडे पत्ते पिसल्यासारखे उलटसुलट जोडले जातात आणि कोट्यवधी वेगवेगळे आकडे तयार होतात. कारण उद्या कोणता विषाणू येणार हे शरीराला ठाऊक नसतं. म्हणून ते सगळ्याच आकारांची तयारी करून ठेवतं. पण असं डोळे झाकून बनवलं की काही आकडे स्वतःच्याच शरीरात अडकणार, हे उघड आहे. कुणाचा सांध्यात, कुणाचा थायरॉइडमध्ये, कुणाचा इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींमध्ये. कुंपणच शेत खायला लागतं ते इथे.

यावरचा पहिला बंदोबस्त थायमस नावाच्या ग्रंथीत होतो. छातीच्या मधल्या हाडामागे ती असते. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असंही नाव आहे, आणि ज्याने कुणी ते ठेवलं त्याला दाद द्यावीशी वाटते, कारण वयात आल्यानंतर ती खरोखरच आक्रसत जाते. टी-पेशी इथे वाढतात (टी हे अक्षर थायमसचंच) आणि इथेच त्यांची परीक्षा होते. ज्यांचा आकडा स्वतःच्या शरीरात घट्ट बसतो त्या तिथेच मारून टाकल्या जातात. परीक्षा इतकी कडक, की थायमसमध्ये शिरलेल्या पेशींपैकी बाहेर पडतात त्या शंभरात पाचही नसतात.

बराच काळ शास्त्रज्ञांना वाटत होतं की विषय इथेच संपला. वाईट पेशी आतच मेल्या, चांगल्या बाहेर आल्या.

आता नागोयाकडे वळू. तिथल्या आइची कर्करोग केंद्रात निशिझुका आणि साकाकुरा या दोघांनी १९६९ मध्ये एक विचित्र निरीक्षण छापलं. उंदराची पिल्लं जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांची थायमस काढून टाकली, तर मोठेपणी माद्यांच्या अंडाशयांची वाट लागत होती. तिसऱ्या दिवसाचं पिल्लू म्हणजे जेमतेम दोन ग्रॅमचा गुलाबी जीव, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. त्याला बर्फावर ठेवून गार करतात, तीच त्याची भूल. छातीवर छोटासा छेद घेऊन काचेच्या बारीक नळीने थायमसचे दोन पांढुरके लोळे ओढून घेतात, छेद बंद करतात, ऊब देतात आणि पिल्लू आईकडे परत. हात सफाईदार असेल तर काही मिनिटांचं काम.

यात 'तिसरा दिवस' महत्त्वाचा. लंडनमध्ये जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये जन्मल्या जन्मल्याच, पहिल्याच दिवशी, थायमस काढली होती. ती पिल्लं रोगांशी लढू न शकल्याने खंगून मेली; थायमसचं काम काय हे जगाला त्यातून प्रथम कळलं. आणि सातव्या दिवशी काढली तर काहीच होत नव्हतं, उंदीर ठणठणीत. पहिल्या दिवशी काढा, लढणारं कुणी नाही. सातव्या दिवशी काढा, सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी काढा, तर शरीर स्वतःलाच खातं. या कोड्यावर तुम्हीही क्षणभर डोकं चालवून बघा. निशिझुकांना सुरुवातीला वाटलं होतं की थायमसमधून अंडाशयाला लागणारं एखादं हार्मोन येत असावं.

साकागुची १९५१ चे, बिवा तलावाकाठच्या नागाहामा गावचे. १९७६ मध्ये क्योतो विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाला लागले. तेवढ्यात हा उंदरांचा लेख त्यांच्या वाचनात आला, आणि ते पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून नागोयाला निशिझुकांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. आपल्याकडे मुलगा एमबीबीएस होऊन असं काही बोलला, तर घरात दोन दिवस चूल पेटायची नाही.

त्यांनी केलेला प्रयोग कागदावर अगदी साधा दिसतो. एकाच वाणाचे उंदीर घेतले, जुळ्या भावंडांसारखे, म्हणजे एकाच्या पेशी दुसऱ्याला चालतात. थायमस काढलेल्या, आजारी पडणार हे नक्की असलेल्या पिल्लांना त्यांनी निरोगी, मोठ्या उंदराच्या टी-पेशी टोचल्या. आजार झालाच नाही. उलट, आजारी उंदराच्या टी-पेशी दुसऱ्या उंदरात घातल्या तर आजार तिकडे गेला. म्हणजे हल्ला करणाऱ्याही टी-पेशी, आणि हल्ला थांबवणाऱ्याही टी-पेशीच. हे १९८२ मध्ये छापून आलं.

तिसऱ्या दिवसाचं कोडं यातून सुटतं. थायमसमधून हल्लेखोर पेशी आधी बाहेर पडतात आणि त्यांना आवरणाऱ्या मागाहून. तिसऱ्या दिवशी दार बंद केलं तर पहिली तुकडी बाहेर, दुसरी आत अडकलेली. सातव्या दिवसापर्यंत दोन्ही बाहेर आलेल्या असतात.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, झालं, शोध लागला. नाही. आवरणाऱ्या पेशी आहेत हे कळलं, पण त्या कोणत्या? सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या टी-पेशी सारख्याच. गर्दीत पाकीटमार आहे एवढं कळून उपयोग नसतो, त्याचा शर्ट कोणत्या रंगाचा ते सांगता आलं पाहिजे. पेशींच्या बाबतीत हा शर्ट म्हणजे पृष्ठभागावरचं एखादं प्रथिन. ते सापडायला आणखी १३ वर्षं गेली.

त्यातच साकागुचींचं नशीब असं, की त्यांचा विषयच बदनाम झाला. १९७० च्या सुमारास येल विद्यापीठातल्या रिचर्ड गर्शन यांनी 'सप्रेसर', म्हणजे इतरांना दाबणाऱ्या, टी-पेशी असतात असं मांडलं होतं. दशकभर त्यावर लेखांचा पाऊस पडला. या पेशींना जे जनुक हवं असं सगळे धरून चालले होते, त्याला आय-जे म्हणत. ते गुणसूत्रावर कुठे आहे हेही ठरलं होतं. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डीएनए वाचायची तंत्रं आली, लोकांनी त्या पत्त्यावर जाऊन पाहिलं, तर तिथे तसं जनुकच नव्हतं. सगळा डोलारा कोसळला. 'सप्रेसर' हा शब्द उच्चारला तरी लोक हसायला लागले. अनुदानाच्या अर्जात तो लिहिणं म्हणजे अर्ज आपल्या हाताने फाडणं.

बहुतेकांनी शहाणपणाने विषय बदलला. साकागुचींनी बदलला नाही. मला यात त्यांची जिद्द वगैरे तर दिसतेच, पण एक साधी गोष्टही दिसते: त्यांच्या हातात उंदीर होता. गर्शन यांच्या शिष्यपरंपरेचं प्रकरण चाचणीनळ्यांत आणि तर्कांत वाढलं होतं. साकागुचींच्या पिंजऱ्यात तिसऱ्या दिवशी थायमस काढलेला प्राणी दर खेपेला आजारी पडत होता आणि पेशी टोचल्या की वाचत होता. शब्द बदनाम झाला म्हणून उंदीर बरा व्हायचं थांबत नाही.

मधली वर्षं भटकंतीची. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स, मग स्टॅनफर्ड, मग कॅलिफोर्नियातलीच स्क्रिप्स संस्था. तरुण संशोधकांसाठीची एक शिष्यवृत्ती हाताशी होती म्हणून तग धरला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानला परतले. १९९५ मध्ये टोकियोतल्या वार्धक्यशास्त्राच्या संस्थेत त्यांना विभाग मिळाला. नवजात पिल्लांवर काम करणारा माणूस म्हातारपणाच्या संस्थेत! जागा मिळेल तिथे पथारी पसरायची, हा संशोधकांचा धर्मच आहे.

आपल्याकडेही चित्र फार निराळं नाही. प्रतिकारशक्तीवर काम करायचं म्हटलं तर एमएस्सी, नेट, मग पाच-सहा वर्षं पीएचडी. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र हे त्यातलं एक नावाजलेलं ठिकाण. संशोधनवृत्ती सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. मग परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, आणि स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत पस्तिशी उलटलेली असते. 'अजून शिकतेच आहे का?' हा प्रश्न दर लग्नकार्यात ऐकायचा. आणि काम म्हणजे बराचसा वेळ वाट पाहणं. उंदराला आज पेशी टोचल्या तर आजार झाला की नाही हे कळायला दोन-तीन महिने लागतात. अंदाज चुकला की आणखी तीन महिने.

साकागुची याच संथ गतीने एकेक प्रथिन तपासत गेले. पद्धत अशी: निरोगी उंदराच्या टी-पेशी घ्यायच्या, एखादं प्रथिन अंगावर असलेल्या पेशी त्यातून काढून टाकायच्या, उरलेल्या, टी-पेशी मुळातच नसलेल्या उंदराला टोचायच्या. तो आजारी पडला तर समजायचं की आवरणाऱ्या पेशी काढून टाकलेल्या गटात गेल्या. पहिलं प्रथिन मिळालं ते फार ढोबळ होतं. गाळणीला भोकं मोठी. हळूहळू गाळणी बारीक होत गेली आणि १९९५ मध्ये ते सीडी-२५ या प्रथिनापाशी पोचले. उंदराच्या मदतनीस टी-पेशींपैकी (इतर पेशींना लढायला मदत करणारी ही टी-पेशींची एक पोटजात) जेमतेम ५ ते १० टक्के पेशींवर ते असतं. तेवढ्या काढल्या की उंदराच्या थायरॉइडवर, जठरावर, स्वादुपिंडावर एकदमच हल्ला. त्याच पेशी लगेच परत दिल्या की काही नाही. त्या लेखावरचं दुसरं नाव नोरिको साकागुची, त्यांच्या पत्नीचं; त्या त्वचारोगतज्ज्ञ.

या पेशींना आता नियामक टी-पेशी म्हणतात, प्रयोगशाळेत बोलताना नुसतं 'टी-रेग'. नाव बदललं हेही बरंच झालं म्हणायचं. जुन्या दुकानाची पाटी उतरवल्याशिवाय गिऱ्हाईक आलं नसतं.

तरीही आलं नाहीच लगेच. शंका घ्यायला जागा होती, आणि ती खोडसाळ नव्हती. कोणतीही टी-पेशी लढाईला पेटली की तिच्या अंगावरही काही काळ सीडी-२५ येतं. मग या खास पेशी कशावरून, नुसत्याच चिडलेल्या पेशी कशावरून नव्हेत? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले ईथन शेवाक हे अशा संशय घेणाऱ्यांतले एक मोठं नाव. त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत हा प्रकार करून पाहिला, आणि १९९८ मध्ये त्यांच्याच गटाने छापलं की होय, या पेशी दुसऱ्यांना दाबतात. विज्ञानात कट्टर शंकेखोराचं मत बदलणं हे शंभर कौतुकांच्या तोडीचं असतं.

शेवटचा पुरावा भलत्याच दिशेने आला. १९४९ मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिजमध्ये अणुकिरणांचे परिणाम तपासण्यासाठी उंदीर पाळलेले होते. त्यांत काही नर असे निपजले की कातडीला खवले, प्लीहा आणि लसिकागाठी सुजलेल्या, काही आठवड्यांत मृत्यू. किरणांशी याचा संबंध नव्हता, आपोआप झालेला बदल होता. त्यांना 'स्कर्फी' नाव पडलं आणि तो वाण जपून ठेवला गेला. जवळजवळ पन्नास वर्षांनी सिअ‍ॅटलजवळच्या एका औषध कंपनीत ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी त्याच्यातलं बिघडलेलं जनुक शोधायचं ठरवलं. बिघाड एक्स गुणसूत्रावर, एवढंच ठाऊक. उंदराच्या त्या गुणसूत्रात सुमारे १७ कोटी अक्षरं. आज हे काम काही दिवसांचं आहे, तेव्हा वर्षांचं होतं. चाळत चाळत ते पाच लाख अक्षरांवर आले, त्यात २० संशयित जनुकं निघाली. एकेक तपासत गेले आणि दोषी सापडलं ते विसावं! हरवलेली किल्ली शेवटच्या खिशात मिळते, त्यातलाच प्रकार.

त्या जनुकाचं नाव फॉक्सपी-३. मुलग्यांमध्ये आयपेक्स नावाचा एक दुर्मीळ, भयंकर आजार असतो. तान्हेपणीच मधुमेह, जुलाब, अंगभर इसब. तो याच जनुकाच्या बिघाडाने होतो हे २००१ मध्ये स्पष्ट झालं. आणि २००३ मध्ये साकागुचींच्या गटाने, तसंच इतर दोन गटांनी, दाखवून दिलं की टी-रेगना टी-रेग बनवणारा मुख्य खटका म्हणजे फॉक्सपी-३. साध्या टी-पेशीत ते जनुक घातलं की ती आवर घालायला लागते. आता कुणी 'नुसत्या चिडलेल्या पेशी' म्हणू शकत नव्हतं. त्या इतर दोन गटांपैकी एक रॅम्सडेल यांचा होता, दुसरा अलेक्झांडर रुडेन्स्की यांचा. स्वीडनचं २०१७ चं क्राफर्ड पारितोषिक साकागुची, रॅम्सडेल आणि रुडेन्स्की यांना मिळालं होतं. नोबेलच्या वेळी रुडेन्स्कींच्या जागी ब्रंको आल्या. नोबेल एका विषयात तिघांपलीकडे जात नाही, त्यामुळे कुणीतरी पायरीवर राहतंच. मला विचाराल तर चौघंही हवे होते.

या पेशी आवर घालतात कसा, याची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. लढणाऱ्या टी-पेशींना वाढायला आयएल-२ नावाचं रसायन लागतं, आणि त्या ते स्वतःच बनवतात. सीडी-२५ म्हणजे हेच रसायन पकडणाऱ्या हाताचा एक भाग. टी-रेगच्या अंगावर हे हात सतत आणि मुबलक असतात, पण फॉक्सपी-३ मुळे त्यांना स्वतःला आयएल-२ बनवता येत नाही. म्हणजे त्या दुसऱ्यांच्या ताटातलं ओरपतात. जिथे लढाई जोरात, तिथे आयएल-२ जास्त. जिथे ते जास्त, तिथे टी-रेग पोसल्या जातात. त्या वाढल्या की इतरांच्या वाट्याला कमी येतं आणि लढाई थंडावते. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं हे आहे, वाफेच्याच जोरावर वाफ सुटते. साकागुचींनी शर्टाचा रंग म्हणून जे प्रथिन पकडलं, ते त्या पेशींचं हत्यारच निघालं.

मावशीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग त्या पेशींचं इंजेक्शन का नाही देत?" द्यायचे प्रयत्न चालू आहेत. काही जण आयएल-२ अगदी थोड्या मात्रेत देऊन पाहतात, कारण थोडंसं दिलं की आधी टी-रेगच ते पकडतात. काही जण रुग्णाच्या रक्तातून टी-रेग वेगळ्या काढून, वाढवून परत देतात, विशेषतः किडनी किंवा यकृत बदललेल्यांना, म्हणजे नवा अवयव शरीराने झिडकारू नये. अडचण अशी की रक्तात त्या असतात थोड्या, आणि बाहेर वाढवताना त्यांतल्या काही फॉक्सपी-३ गमावून बसतात. मग ज्याला राखणीला पाठवायचं तोच लुटारूंना सामील व्हायचा धोका. आता ओसाका विद्यापीठात असलेले साकागुची याच्या उलट्या टोकाने काम करतात: मुळात हल्ला करणाऱ्या पेशीच घ्यायच्या आणि त्यांना पक्क्या टी-रेग बनवायचं. कर्करोगात मात्र सगळंच उलटं. गाठ आपल्याभोवती टी-रेग गोळा करते आणि त्यांच्या आडोशाला वाढते, म्हणून तिथे त्या हटवायच्या. एकच पेशी एका वॉर्डात हवीशी, शेजारच्या वॉर्डात नकोशी. 'इम्युनिटी वाढवणारं' सरसकट औषध या दोघांपैकी कुणाला द्यायचं, ते पुडीवर छापलेलं नसतं.

जाता जाता गुळवेलीचंही सांगते. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटल्यावर यकृताला येते तशा धाटणीची सूज त्यांच्यात होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मानला नाही आणि वाद बराच रंगला. सहा रुग्णांवरून निकाल लागत नाही हे खरं. पण ज्याला आधीच ऑटोइम्यून, म्हणजे मावशीसारखा प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटल्याचा, आजार आहे त्याने काढ्याआधी डॉक्टरांना विचारावं, एवढं तरी मी म्हणेन.

नोबेल जाहीर झालं ६ ऑक्टोबर २०२५ ला. ब्रंकोंनी स्वीडनचा नंबर पाहून फसवा कॉल समजून उचलला नाही. रॅम्सडेल डोंगरात भटकंतीला गेले होते, फोन बंद. बायको अचानक किंचाळली तेव्हा त्यांना आधी अस्वल आलं असं वाटलं. साकागुची मात्र फोन आला तेव्हा आपल्या प्रयोगशाळेतच होते.

मावशी हल्ली आठवड्यातून एकदा प्रतिकारशक्ती दाबणारी मेथोट्रेक्सेटची गोळी घेते, वर फॉलिक अ‍ॅसिड. बरणीची झाकणं पुन्हा उघडता येतात तिला. गॅलरीतली गुळवेल परत फोफावलीय, पण तोडायला कुणी जात नाही.